गोगलगाय आणि पाण्यातले पाय

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. वरून गरीब दिसणाऱ्या, पण आतून पक्क्या असलेल्या माणसाला उद्देशून ती वापरतात. ज्या प्राण्यावरून ही म्हण निघाली तो बिचारा मात्र निरुपद्रवीच असावा, अशी माझी समजूत होती. ती समजूत गेल्या वर्षी गेली, आणि जाताना माझ्या लेखणीचा थोडासा गर्वही बरोबर घेऊन गेली. त्याची हकिगत आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमच्या कचेरीतील कामाची रीत अशी की, आरोग्याविषयीचा लेख प्रथम इंग्रजीत तयार होतो आणि मग प्रत्येक भाषेचा संपादक तो आपापल्या भाषेत उतरवतो. मराठी आवृत्तीचे हे काम माझ्याकडे आहे. बी. ए. ला माझा विषय मराठी वाङ्मय होता. प्राणिशास्त्राशी माझा परिचय शालेय पुस्तकापलीकडे नाही. तरीही वर्षानुवर्षे असे लेख हाताखालून गेल्यामुळे ते आपल्याला सहज जमतात, असे मला वाटू लागले होते. विषमज्वर, कावीळ, पटकी, जंत यांवरील लेखांची वाक्ये आता जणू आपोआपच कागदावर उतरत.

अशाच एका दिवशी ‘शिस्टोसोमियासिस’ नावाच्या रोगावरील लेख माझ्या टेबलावर आला. जुन्या पुस्तकांतून याला ‘बिल्हार्झिया’ म्हणतात. गोड्या पाण्यातील गोगलगाईंच्या द्वारे पसरणारा हा रोग मुख्यतः आफ्रिकेतला. मराठीत त्याला घरगुती नाव नाही, म्हणून नावावर मी पुष्कळ विचार केला. जेथे विचार करावयास हवा होता तेथे मात्र केला नाही. मूळ लेखात ‘दूषित पाण्याशी संबंध आल्याने’ हा रोग होतो, अशा अर्थाचे वाक्य होते. ‘संबंध आल्याने’ हे मला कानाला रुक्ष वाटले. मी लिहिले, ‘दूषित पाणी पोटात गेल्याने हा रोग होतो.’ वाक्य ओघवते झाले. लेख छापून आला.

पुढच्याच महिन्यात इंदूरच्या एका वृद्ध वाचक भगिनींचे पत्र आले. ‘संपादकांस स. न. वि. वि.’ असा जुन्या वळणाचा मायना होता. त्यांनी लिहिले होते की, त्यांची कन्या व जावई नोकरीनिमित्त टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी राहतात. सुटीच्या दिवशी सारे कुटुंब सरोवरावर जाते आणि दोन्ही नातू तासन् तास पाण्यात डुंबत असतात. ‘आपला लेख वाचून प्रथम जिवाचा थरकाप झाला. परंतु मुलीच्या घरी पिण्याचे पाणी नेहमी उकळून, गाळून घेतात. तेव्हा काळजीचे कारण उरले नाही, हे समजून मन शांत झाले. आपले आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.’

एखाद्याने आभार मानावेत आणि ते वाचून आपल्या अंगावर काटा यावा, असा प्रसंग त्यापूर्वी माझ्यावर आला नव्हता. पत्र वाचता वाचता मनात शंका आली. मी मूळ लेख पुन्हा काढला, त्यातले ते रुक्ष वाक्य पुन्हा वाचले, आणि मग जे मिळेल ते वाचीत सुटले.

वाचकहो, हा रोग पाणी पिण्याची वाट पाहत नाही. तो कातडीतून शिरतो. जंतू म्हणावा तर हा सूक्ष्म जंतूही नव्हे; हा रक्तवाहिन्यांत राहणारा एक कृमी आहे. त्याचा नर आणि मादी जोडीने राहतात. नराच्या अंगाला असलेल्या पन्हळीसारख्या घडीत मादी वास करते. अशी जोडी माणसाच्या शरीरात कित्येक वर्षे जगते आणि रोज अंडी घालते. काही अंडी मूत्राशयातून किंवा आतड्यातून बाहेर पडतात. जी आत अडकून राहतात ती मूत्राशयाला, आतड्याला वा यकृताला सूज आणतात. एका जातीच्या कृमीने लघवीतून रक्त जाते. दुसऱ्या जातीने पोट बिघडते, शौचातून रक्त पडते आणि पुढे यकृत व प्लीहा वाढते. शाळकरी मुलांचे रक्त त्यामुळे कमी होते, वाढ खुंटते आणि अभ्यासात लक्ष लागेनासे होते.

बाहेर पडलेले अंडे गोड्या पाण्यात पोचले म्हणजे फुटते आणि त्यातून एक केसाळ, चपळ अळी निघते. तिच्यापाशी वेळ फार थोडा असतो. जेमतेम एका दिवसात तिला विशिष्ट जातीची गोगलगाय गाठावी लागते. न गाठली तर ती मरते. गाठली, तर गोगलगाईच्या मऊ अंगात ती शिरते आणि चार-सहा आठवड्यांत एकीच्या हजारो होतात. या नव्या अळ्यांचे शेपूट दुभंगलेले असते. दिवसाच्या उजेडात त्या गोगलगाईच्या अंगातून बाहेर पडून पाण्यात पोहू लागतात. त्या वेळी त्या पाण्यात जो पाय असेल, मग तो कपडे धुणाऱ्या बाईचा असो, कोळ्याचा असो की डुंबणाऱ्या मुलाचा असो, त्याच्या कातडीतून त्या काही मिनिटांत आत जातात. जखम नाही, वेदना नाही. झाली तर थोडी खाज. पोहून आलेला मुलगा घरी येऊन उकळलेले पाणी पितो, आणि आई निश्चिंत असते.

मी केलेली चूक नवी नव्हती, हे पुढे वाचनात आले. त्यामुळे ती लहान ठरत नाही, पण विषय समजण्यास मदत झाली. जपानमधील कातायामा या भागात १८४७ साली फुजी नावाच्या वैद्यांनी तेथील एका विचित्र रोगाचे वर्णन लिहून ठेवले होते. भाताच्या खाचरांत उतरणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायांवर पुरळ उठते आणि पुढे त्यांची पोटे फुगतात, असे त्यांनी पाहिले होते. तरीही रोग पाणी प्याल्याने होतो की पाण्यात उतरल्याने, हा वाद पुढे अनेक वर्षे चालू राहिला. शेवटी १९०९ साली फुजिनामी आणि नाकामुरा या संशोधकांनी तो गुरांवर प्रयोग करून सोडविला. काही गुरांच्या तोंडाला मुसके बांधून, म्हणजे पाणी पिता येणार नाही अशी तजवीज करून, त्यांनी ती पाण्यात उतरविली. दुसऱ्या काही गुरांचे पाय झाकले आणि तोंड मोकळे ठेवले. मुसके बांधलेली गुरे आजारी पडली. रोगाची वाट पायांतून आहे, हे सिद्ध झाले. १९१३ साली मियाइरी आणि सुझुकी यांनी ज्या चिमुकल्या गोगलगाईत हे कृमी वाढतात ती शोधून काढली.

तिकडे इजिप्तमध्ये तर हा रोग फारच जुना. तेथील तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांत या कृमीची अंडी असल्याचे रफर यांनी १९१० साली दाखवून दिले. हा कृमी प्रथम पाहिला तो थिओडोर बिल्हार्झ या तरुण जर्मन डॉक्टरांनी, १८५१ साली, कैरोच्या रुग्णालयात. पण तो पाण्यात राहून पुढे काय करतो, हे कळण्यास १९१५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लीपर यांनी तेथील गोगलगाईंत त्याच्या अळ्या दाखविल्या. कृमी ओळखला गेल्यापासून गोगलगाय सापडेपर्यंत चौसष्ट वर्षे गेली. ‘पोटात पाय’ असलेल्या या प्राण्याने आपले गुपित इतका काळ राखले.

एवढे वाचूनही, हा सारा प्रकार परमुलखातला आहे, असा एक छुपा दिलासा माझ्या मनात होता. तोही टिकला नाही. १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह या दोघा संशोधकांनी असे प्रसिद्ध केले की, हा रोग भारतात एका ठिकाणी सापडला आहे. ते ठिकाण म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील, गुहागर तालुक्यातले गिमवी हे गाव. लघवीतून रक्त जाणारे रोगी तेथे आढळले. शोध घेता संशोधकांचे लक्ष गावच्या पाण्यातील ‘फेरिशिया’ नावाच्या एका गोगलगाईकडे गेले. हिच्या कवचाला शंखासारखे पीळ नसतात. दगडावर वा पानावर उलटी ठेवलेली इवलीशी टोपी दिसावी, तशी ती दिसते. मुद्दाम शोधल्याखेरीज ती कोणाच्या नजरेत भरणार नाही.

माझे आजोळ त्याच जिल्ह्यातले. दिवाळीच्या सुटीत घरामागच्या पऱ्यात पाय सोडून बसणे, ही माझ्या बालपणाची सर्वांत मोठी चैन होती. पायाशी लागणारे शंखशिंपले आम्ही ओंजळीत गोळा करीत असू. गिमवीचे नाव वाचले तेव्हा ते थंडगार पाणी एकदम डोळ्यांपुढे उभे राहिले. आमच्या पऱ्यात हा रोग नव्हता. तो गिमवीहून देशभर पसरलाही नाही. परंतु इंदूरच्या आजींच्या नातवंडांत आणि ओंजळीत शिंपले धरून उभ्या असलेल्या त्या मुलीत मला फारसा फरक दिसेना.

मग या गोगलगाईंचे करावे काय? पहिले उत्तर कोणालाही सुचेल तेच आहे: त्यांना मारावे. आपल्याकडे द्राक्षबागांवर फवारतात ते मोरचूद या कामी पुष्कळ देशांत वापरले गेले. पुढे ‘निक्लोसामाइड’ नावाचे अधिक प्रभावी औषध निघाले, आणि आजही तेच वापरतात. पण अशी औषधे माशांनाही मारतात. शिवाय एखाद्या कोपऱ्यात चार गोगलगाई उरल्या, तरी काही महिन्यांत त्यांची वस्ती पुन्हा भरते.

१९६४ साली इथिओपियातील अक्लिलू लेम्मा या तरुण शास्त्रज्ञाच्या नजरेस एक मौजेची गोष्ट आली. अडुआ गावाजवळच्या नदीवर बायका ‘एंडोड’ नावाच्या झुडपाची फळे चोळून कपडे धूत असत. आपल्याकडे रिठा वापरतात तसे. त्या धुण्याच्या जागेच्या खालच्या अंगाला गोगलगाई मरून पडलेल्या होत्या. शतकानुशतके कपडे धुणाऱ्या त्या बायकांच्या हातात हे औषध होते. त्याकडे पाहणारा डोळा तेवढा हवा होता.

सेनेगल देशाची कथा याच्या उलट आहे. तेथे १९८६ साली नदीच्या मुखाशी धरण पूर्ण झाले. खारे पाणी आत येणे थांबले, गोडे पाणी स्थिर झाले, शेती वाढली. पण गोगलगाईही वाढल्या, आणि त्यांना खाणारी मोठी गोडी कोळंबी, जिला अंडी घालण्यासाठी समुद्राकडच्या मचूळ पाण्यात जावे लागते, तिची वाट धरणाने अडविली. दोनच वर्षांनी, १९८८ साली, रिशार-तोल या गावात पोटाच्या बिल्हार्झियाचे रोगी दिसू लागले आणि पाहता पाहता तो भाग त्या रोगाने व्यापला. धरण वाईट होते असे यावरून म्हणता येणार नाही. पण पाणी अडविताना त्यात कोण कोणाला खाऊन राहते याचाही हिशेब करावा लागतो, एवढा बोध त्यातून घेण्यासारखा आहे.

माणसाच्या अंगातील कृमी मारण्याचा मार्गही वाटतो तितका सरळ ठरला नाही. इजिप्तमध्ये अनेक वर्षे लक्षावधी लोकांना अँटिमनीची इंजेक्शने देण्यात आली. हेतू उत्तम होता. पण सुया नीट निर्जंतुक न झाल्यामुळे एकाच्या रक्तातील कावीळ दुसऱ्याला गेली, आणि यकृताच्या ‘क’ प्रकारच्या काविळीचे मोठे संकट त्या देशावर ओढवले. आता ‘प्राझिक्वांटेल’ नावाच्या गोळ्या आहेत. त्या पोटात घ्यावयाच्या असून स्वस्त व गुणकारी आहेत. तरीही २०२१ साली जगात पंचवीस कोटींहून अधिक लोकांना या रोगाविरुद्ध औषध देण्याची गरज होती, आणि त्यांतील बहुतेक आफ्रिकेतले होते. कारण उघड आहे. गोळी आतला कृमी मारते. मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पाण्यात उतरते.

वाचताना एक गोष्ट माझ्या मनात ठसली. गोगलगाय अंड्यातून बाहेर पडते तेव्हा निरोगी असते. तिच्या आईकडून तिला हा रोग येत नाही. तो तिला आपणच देतो. ज्या पाण्यात माणसाची लघवी वा मैला पोचत नाही, त्या पाण्यातील गोगलगाय खरोखरच गरीब गाय असते. म्हणून गोगलगाई मारणे, गोळ्या देणे, शौचालये बांधणे आणि घरापाशी नळाचे पाणी आणणे ही चारही कामे बरोबरीने व्हावी लागतात. जपानने हेच केले. मातीच्या पाटांना काँक्रीटचे अस्तर घातले, गोगलगाईंवर चुना व औषधे टाकली, रोगी शोधून बरे केले, आणि खाचरांवर मैला टाकण्याच्या पद्धतीला आळा घातला. यामानाशी प्रांताने रोग संपल्याचे जाहीर केले ते १९९६ साली. मुसके बांधलेल्या गुरांपासून मोजले, तर या कामाला सत्याऐंशी वर्षे लागली. कुरुमे शहरात त्या गोगलगाईंचे एक स्मारकही आहे. माणसाच्या भल्यासाठी ज्यांची वस्ती मुळापासून नाहीशी करावी लागली, त्यांच्यासाठी ते उभारलेले आहे. शत्रूशी लढून झाल्यावर त्याचाही दोष नव्हता हे मान्य करणारे लोक मला फार थोर वाटले.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर, घाबरून तळ्यांकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही. पण गोगलगाईंचा आपल्याशी संबंधच नाही, असेही नाही. तळ्याकाठचे गवत खाणाऱ्या गाई-म्हशींना आणि शेळ्या-मेंढ्यांना यकृतातील पर्णकृमी होतो, तो गोगलगाईमुळेच. जनावर खंगते, दूध आटते. बैलाच्या नाकात गाठी येऊन तो घोरू लागतो, हा आपल्याकडील शेतकऱ्यांच्या परिचयाचा रोग. तोही बिल्हार्झियाच्याच कुळातील एका कृमीचा आणि गोगलगाईंतूनच येणारा. गुरांना पाणी तळ्यात उतरवून न पाजता काठावरच्या हौदात पाजावे, असे पशुवैद्य सांगतात ते याचसाठी. आणि शिंगाडे घरोघरी येतात, म्हणून एक गोष्ट गृहिणींनी ध्यानात ठेवावी. बिहार व उत्तर प्रदेशाच्या काही भागांत आतड्यातला एक मोठा पर्णकृमी आढळतो. त्याची बीजे गोगलगाईतून निघून पाणवनस्पतींच्या सालीला चिकटून बसतात. तेव्हा कच्चे शिंगाडे दातांनी सोलू नयेत. उकडून खावेत, ते चवीलाही अधिक चांगले लागतात.

ज्यांची मुलेबाळे आफ्रिकेत वा अशा रोगाच्या प्रदेशात आहेत, त्यांनी एवढे कळवावे. तेथील नदी, तळे वा सरोवर यांच्या पाण्यात पाय घालू नये. पाणी निर्मळ दिसते म्हणून विश्वासू नये. समुद्राचे पाणी किंवा क्लोरीन घातलेला तलाव यांपासून हे भय नाही. सरोवराचे पाणी अंघोळीस घ्यावयाचे झाल्यास ते उकळून घ्यावे, अथवा गोगलगाई नसलेल्या भांड्यात दोन दिवस साठवून मग वापरावे. तेवढ्या वेळात अळ्या मरतात. आणि पूर्वी पोहणे झालेच असेल, तर प्रकृती उत्तम वाटत असली तरी दीड-दोन महिन्यांनी तपासणी करून घ्यावी.

इंदूरच्या आजींना मी त्याच दिवशी सविस्तर पत्र लिहिले. चूक माझी आहे, मूळ लेखाची नाही, हेही लिहिले. पुढच्या अंकात चूकदुरुस्ती छापली. मात्र चुकीचे वाक्य पानभर लेखात ऐटीत बसले होते आणि दुरुस्तीला शेवटच्या पानावर तीन ओळी मिळाल्या, हे शल्य राहिलेच. दोन महिन्यांनी आजींचे दुसरे पत्र आले. दोन्ही नातवांची तपासणी झाली होती. धाकट्याच्या शौचात अंडी सापडली. त्याने गोळ्या घेतल्या आणि आता तो बरा आहे. तो दोन वर्षांपासून त्या पाण्यात पोहत होता, म्हणजे त्याला रोग झाला तो माझ्या वाक्यामुळे नव्हे. पण माझे वाक्य तसेच राहिले असते, तर तो कळलाही नसता. या वेळच्या पत्रात ‘संपादकांस’ असा मायना नव्हता. त्यांनी मला ‘चि.’ लिहिले होते आणि शेवटी ‘अनेक आशीर्वाद’ होते. रागावण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. तो त्यांनी बजावला नाही.

तेव्हापासून आरोग्याचा लेख उतरविताना एखादे वाक्य फारच ओघाने आले, की मी थांबते आणि मूळ वाक्य पुन्हा वाचते. वाचकांनीही आमच्यावर एवढा उपकार करावा: आम्ही लिहिलेले वाचून मन निश्चिंत झाले, तर तेही आम्हांला कळवावे. आमची चूक पुष्कळदा तेथेच सापडते.